इंग्रजी शब्दसंपदेचे इयत्तावार नियोजन

महाराष्ट्रातील मराठी माध्यमाच्या शाळांत पूर्वी पाचवीपासून शिकविले जाणारे इंग्रजी सन २००० पासून पहिलीपासून शिकविले जाऊ लागले. वर्षे वाढली, परंतु कोणत्या इयत्तेत कोणते शब्द पक्के व्हावेत याचा हिशेब नसेल, तर पाठ केलेली स्पेलिंगे परीक्षेबरोबरच विसरली जातात.

हा प्रश्न जुनाच आहे. ढाका येथे शिक्षणक्षेत्रात काम करणारे मायकेल वेस्ट यांनी १९२० च्या दशकात बंगाली मुलांसाठी वाचनमाला रचली. नवे शब्द थोडे, आणि तेही पुढील मजकुरात पुनःपुन्हा भेटणारे, हे तिचे सूत्र होते. त्यांची सुमारे दोन हजार शब्दांची सुप्रसिद्ध यादी १९५३ मध्ये प्रकाशित झाली.

आपल्या शिक्षकाला काही भांडवल आयतेच मिळते. बस, टेबल, पेन, डॉक्टर हे शब्द मूल घरूनच आणते. पहिली-दुसरीत ते ऐकण्या-बोलण्यात रुळावेत, लेखन नंतर. प्रत्येक शब्दाचे स्पेलिंग आलेच पाहिजे, हा हट्ट अनाठायी होय. काही शब्द वाचताना ओळखता आले तरी पुरे. पाचवीनंतर मात्र परिचित शब्दच खोलात न्यावेत. ‘लाइट’ म्हणजे दिवा, वीज हे मुलाला ठाऊक असते. ‘हलका’ हा अर्थ शिकवावा लागतो. ‘टीच’वरून ‘टीचर’, ‘हॅपी’वरून ‘अनहॅपी’ हेही याच टप्प्यावर यावे.

याकरिता प्रत्येक वर्गाची शब्दनोंदवही असावी आणि शिक्षकाची बदली झाली तरी ती शाळेतच राहावी.