गवतावर विमान उतरते तेव्हा



पापुआ न्यू गिनीतल्या मिशनच्या छोट्या विमानांचे फोटो पाहिले, की मूर्तिजापूरच्या आपल्या मंडळीतले कोणीतरी मला विचारतेच : मेळघाटात असे गवताळ मैदान करता येणार नाही का? आजारी माणूस धारणीहून थेट अमरावतीला पोहोचेल! प्रश्न कळकळीचा आहे, म्हणून या अंकात त्याचा अभ्यास करू.

पुष्कळांना वाटते, गवत चाकांना धरते, म्हणजे विमान लवकर थांबेल. गवत धरते हे खरे, आणि म्हणूनच उड्डाणाला जास्त धावावे लागते. पण उतरल्यावर विमान थांबवायचे ते मुख्यतः ब्रेकने, आणि ब्रेक लावलेल्या चाकाला डांबरावर मिळते तशी पकड गवतावर मिळत नाही. ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने वैमानिकांना यासाठी सोपा हिशेब दिला आहे. कोरड्या डांबरी धावपट्टीवर उतरून थांबायला ४०० मीटर लागत असतील, तर घट्ट जमिनीवरच्या कोरड्या गवतावर ४६० धरा, ओल्या गवतावर ५४०. अगदी आखूड, ओले गवत सर्वांत फसवे. तिथे ६४० मीटरही लागू शकतात.

मऊ जमिनीवर वैमानिक विमान अगदी हळू टेकवतो, पुढचे चाक जमेल तितका वेळ वर धरतो आणि ब्रेक बेताने लावतो. पुढचे चाक रुतले, तर विमान नाकावर जाते. गवताचा एक गुणही सांगितला पाहिजे : विमान जरा तिरके टेकले तर गवत सांभाळून घेते, डांबर चाकांना हिसका देते.

खरा प्रश्न गवताखालच्या मातीचा. काळ्या मातीविषयी वऱ्हाडातल्या माणसाला मी काय सांगावे? मे महिन्यात भेगा, जुलैत चिखल. जे. आर. डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून टपाल आणले, ते मुंबईत जुहूच्या मातीच्या मैदानावर उतरवले. पावसाळ्यात ते मैदान निकामी होई आणि टपालसेवा तेवढे महिने पुण्याला हलवावी लागे. मेळघाटातले नाले भरून बाळंतीण पाड्यावर अडकते, तीही याच महिन्यांत.

मग पापुआत कसे जमते? मिशन एव्हिएशन फेलोशिपची विमाने तिथे १९५१ पासून जातात. त्या पट्ट्यांचे गवत कापायचे, पाणी काढायला चर खणायचे, हे काम गावकऱ्यांचे. ते थांबले की विमानही थांबते.

अमरावतीजवळ बेलोऱ्याला १८५० मीटरची पक्की धावपट्टी आहे. एप्रिल २०२५ पासून तिथे प्रवासी विमानही येते. अडचण आहे ती धारणीच्या टोकाला. माझ्या मते आज तिथे चांगली रुग्णवाहिका आणि बारमाही रस्ता यांचीच निकड जास्त आहे. तरीही कोणाला मेळघाटातली एखादी जागा सुचवायची असेल, तर वैमानिकांची एक जुनी चाचणी आहे : मोटार ताशी ५० किलोमीटरने त्या जागेवरून न्यायची, आत बसलेल्यांना हादरे बसले, तर जागा विमानाच्या कामाची नाही. ही चाचणी ऑगस्टमध्ये घ्या, आणि ओढून काढायला ट्रॅक्टर सोबत ठेवा.