पाच आठवड्यांत लग्न: कोर्टात की मांडवात?

प्रश्न: मुलीचं लग्न ठरलंय. होणाऱ्या जावयांना पाच आठवड्यांनी जर्मनीत रुजू व्हायचंय. कोर्ट मॅरेज लवकर होईल ना? – एक वाचक, सातारा

उत्तर: सगळ्यांना तसंच वाटतं, पण नाही. १९५४च्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीनंतर ३० दिवस थांबावंच लागतं. शिवाय नोटीस द्यायची त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं आधीचे सलग ३० दिवस वास्तव्य हवं. एक कागद अडला की तुमचे पाच आठवडे संपले!

दोघं हिंदू असतील तर सरळ विधिवत लग्न लावा. नोंदणी नंतर होते. महाराष्ट्रात त्यासाठी ९० दिवसांची मुदत आहे. तुम्ही मात्र त्याच आठवड्यात उरका, व्हिसाला दाखला लागेल. अर्जावर तीन साक्षीदारांबरोबर गुरुजींचीही सही लागते. ती मांडवातच घ्या. अक्षता पडल्या की ते पुढच्या लग्नाला पळतात. तांदळात नवं नाव हौसेनं लिहा, अर्जावर मात्र पासपोर्टवरचंच.

मंगल कार्यालयाचं म्हणाल तर मधल्या वारी, काढीव मुहूर्तावर मिळून जाईल. ब्लाउज शिवायला मात्र आजच टाका.