कवळी बसवायची आहे? दात काढण्याआधी क्रम ठरवा

आधी सगळे दात काढू, कवळीचे नंतर बघू, असे अनेक घरांत ठरते. क्रम याच्या उलट हवा. दात निघाले की हिरडीखालची हाडाची कड झिजू लागते. पहिल्या वर्षात ती सर्वाधिक झिजते, त्यातही खालच्या जबड्यात जास्त. कवळीला आधार याच कडेचा असल्याने पुढील क्रम पाळावा.

१. दोन्ही विभाग एकत्र असलेले ठिकाण निवडा. मुखशल्यचिकित्सक दात काढतात, तर प्रॉस्थोडॉन्टिस्ट, म्हणजे कृत्रिम दातांचे तज्ज्ञ, कवळी बनवतात. नवी मुंबईत नेरूळचे डी. वाय. पाटील व तेरणा, खारघरचे येरळा, कामोठ्याचे एमजीएम आणि बेलापूरचे भारती विद्यापीठ या दंत महाविद्यालयांत दोन्ही विभाग आहेत. तेथे फेऱ्या अधिक होतात, हे धरूनच वेळ काढा.

२. घेत असलेल्या सर्व गोळ्या पाकिटासकट न्या. रक्त पातळ करणारी गोळी मनाने बंद करू नका. तो निर्णय हृदयरोगतज्ज्ञ आणि दंतवैद्य मिळून घेतात. हाडांच्या ठिसूळपणावरचे इंजेक्शन किंवा गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल, तर ते आवर्जून सांगा. अशा रुग्णांत जबड्याची जखम भरणे अवघड होऊ शकते. मधुमेह असल्यास साखरेचा ताजा अहवाल जवळ ठेवा.

३. ओपीजी काढा. हा दोन्ही जबड्यांचा एकत्रित एक्स-रे. हिरडीत राहिलेली मुळे, गाठी आणि हाडाची उंची त्यात दिसते.

४. कोणता दात वाचेल, ते विचारा. खालचे दोन सुळे मजबूत असतील, तर ते कापून ठेंगणे करून त्यांवर कवळी बसवता येते. तिला ओव्हरडेंचर म्हणतात. खालची कवळी हलण्याची तक्रार त्यामुळे कमी होते आणि तिथले हाडही टिकते.

५. दात टप्प्याटप्प्याने काढायचे का, ते ठरवा. अनेकदा आधी दाढा आणि त्यांच्या जखमा भरल्यावर पुढचे दात काढतात. हाडाची टोचरी टोके त्याच वेळी घासून गुळगुळीत करून घ्यावीत. चार लोकांत बिनदाताचे वावरणे नको असेल, तर दात काढले त्याच दिवशी बसणारी तात्पुरती कवळी मिळते. मात्र हिरडी आक्रसली की तिला आतून अस्तर लावावे लागते.

६. पहिले २४ तास जपा. गॉज अर्धा ते पाऊण तास दाबून धरा. थुंकू नका, स्ट्रॉने पिऊ नका, चूळ जोरात भरू नका. खड्ड्यात साकळलेले रक्त हेच जखमेचे झाकण आहे. मऊ वरण-भात, पेज, ताक गार करून घ्या. दुसऱ्या दिवसापासून कोमट मिठाच्या पाण्याने हलक्या गुळण्या करा. मिश्री, तंबाखू, विडी पूर्ण बंद ठेवा. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ठणका कमी होण्याऐवजी वाढला, तर लगेच दाखवा.

७. मापाची घाई करू नका. कायमच्या कवळीचे माप साधारणपणे दीड ते तीन महिन्यांनी घेतात. मेणातल्या कवळीची चाचणी होते, तेव्हा घरचे माणूस सोबत न्या आणि दातांचा रंग, ओठांची ठेवण आरशात पाहूनच होकार द्या. एकदा कवळी पक्की झाली की हे बदल सोपे नसतात.