खिशातला चाकू : हलका घ्यायचा की वजनदार?



आल्याच्या लागणीची गडबड सुरू झाली की खिशातला घडीचा चाकू दिवसात पन्नास वेळा बाहेर येतो. बेण्याचे तुकडे करा, ठिबकची नळी कापा, खताच्या पोत्याची शिवण उसवा, सुतळी तोडा. काम छोटं असतं, पण चाकू चुकीचा निघाला तर बोटावर बेततं. घेताना आपण फक्त धार बघतो, मूठ बघत नाही. म्हणून आज मुठीविषयी.

*१) वजन कुठं असतं?*
७ सेंमी लांबीचं पातं साधारण २० ग्रॅमचं असतं. बाकी जवळजवळ सगळं वजन मुठीत. समजा मुठीच्या दोन्ही बाजू ९ सेंमी लांब, २ सेंमी रुंद आणि प्रत्येकी ४ मिमी जाड आहेत. त्यांचं वजन अंदाजे असं होईल :
- भरीव स्टील : ११२ ग्रॅम
- ॲल्युमिनियम : ३९ ग्रॅम
- नायलॉनचं चिवट प्लॅस्टिक : १६ ग्रॅम
- लाकूड : १० ते १२ ग्रॅम

*२) मग सरळ हलकाच घ्यावा का?*
थांबा. पातं ज्या खिळीवर फिरतं, तिथं सगळा जोर येतो. नुसत्या प्लॅस्टिकच्या मुठीत खिळीचं भोक हळूहळू मोठं होतं आणि पातं डुलायला लागतं. म्हणून चांगल्या चाकूत मुठीच्या आत दोन्ही बाजूंना स्टीलची पातळ पट्टी असते. १ मिमी जाडीच्या दोन पट्ट्यांचं वजन होतं सुमारे २८ ग्रॅम. हे २८ ग्रॅम वाचवू नका. बाहेरून प्लॅस्टिक किंवा लाकूड आणि आत पट्टी, हा आपल्या कामाला मधला चांगला मार्ग.

*३) जगात काय झालं?*
स्विस सैनिकांना १८९१ साली कार्ल एल्सनर यांनी जो चाकू पुरवला, तो लाकडी मुठीचा, मजबूत पण जड होता. १८९७ मध्ये त्यांनीच हलका चाकू काढला. दोनच स्प्रिंगांवर सहा अवजारं बसवली. म्हणजे वजन कमी करायचं ते रचना सुधारून, मजबुती घालवून नाही.
फ्रान्सचा ओपिनेल चाकू एकसंध लाकडी मुठीचा, म्हणून खूप हलका. पण ओल लागली की लाकूड फुगतं आणि पातं अडकतं.

*४) आपल्या रानात कोणती मूठ?*
- *पावसात, चिखलात :* गुळगुळीत स्टील हातातून सटकतं. खरबरीत प्लॅस्टिक बरं. मुठीची पाठ उघडी असेल तर आतली माती पाण्यानं निघून जाते.
- *एप्रिल-मेच्या उन्हात :* बांधावर ठेवलेली धातूची मूठ चटके देते.
- *द्राक्षाचं कलम :* दिवसभर तेच काम असल्यानं जड चाकूनं मनगट भरून येतं. कलमाचा हलका, लाकडी मुठीचा चाकू वेगळाच ठेवा. त्यानं नळ्या कापू नका.
- *लांबी :* चारही बोटं मुठीवर बसली पाहिजेत. वजन वाचवायला आखूड केलेली मूठ जोर लावताना हातात फिरते.
- *रंग :* लाल किंवा केशरी घ्या. काळा चाकू पाल्यात पडला की गेलाच म्हणायचा.

*५) बोट कशानं कापतं?*
पातं अचानक मिटल्यानंही. साध्या स्प्रिंगच्या चाकूला लॉक नसतं. त्याचं टोक दाबून भोक पाडायला गेलात की पातं बोटावर मिटतं. नळीला भोक पाडायला ड्रिलच वापरा. रोज जोराचं काम असेल तर लॉकवालाच चाकू घ्या, थोडा जड असला तरी चालेल.

*६) दुकानात चार गोष्टी तपासा*
१. पातं उघडून डावी-उजवीकडं हलवा. डुललं तर ठेवून द्या.
२. मूठ दोन्ही हातांनी हलकी पिळा. वाकली किंवा करकरली तर आत पट्टी नाही.
३. लॉक लावा, बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला ठेवा आणि पात्याची पाठ लाकडावर हळू आपटा. लॉक सुटलं तर नको.
४. शक्य असेल तर खिळीला रिबीटऐवजी स्क्रू असलेला घ्या. ढिला झाला तर घरी आवळता येतो.

*७) निगा*
काम झालं की धुवा, पुसून कोरडा करा, खिळीवर तेलाचा एक थेंब सोडा. लाकडी मुठीला अधूनमधून जवसाचं तेल चोळा.

आणि एवढं करूनही कापलंच तर साबण-पाण्यानं धुवा, स्वच्छ कापड दाबून धरा आणि धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल दवाखान्यात विचारा. बोट वाकत नसेल किंवा बधिर वाटत असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. शीर तुटलेली असू शकते, हळद लावून थांबू नका.

आज संध्याकाळी आपला चाकू काढा आणि वरच्या पहिल्या तीन तपासण्या करा. पातं डुलत असेल तर ग्रुपवर फोटो टाका. घरात जे चाकू वापरतात, त्यांनाही हा संदेश वाचून दाखवा.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी, कोरेगाव