काळी काच उजेडापुरती

कराडहून विट्याला रोज दुचाकीवर जाणाऱ्याला सूर्य दोन्ही वेळा समोरूनच भेटतो. विटा पूर्वेला, त्यामुळे सकाळी जाताना ऊन तोंडावर आणि संध्याकाळी परतताना मावळतीची तिरीप थेट डोळ्यांत. या वाटेवरची माणसं काळ्या काचेचं हेल्मेट मागतात ती निव्वळ ऐटीसाठी नव्हे. नोकरीमुळे हा रस्ता माझ्या वाट्याला आला, तेव्हा मीही हेल्मेटला 'स्मोक' काच बसवून घेतली. उन्हापुरतं तिनं काम चोख केलं.

घात झाला तो ऊन उतरल्यावर. डिसेंबर महिना, गळीत हंगाम भरात. कडेगाव मागे पडलं, सूर्य बुडाला आणि काळ्या काचेतून रस्ता दिसेनासा झाला. अशा वेळी सगळेच करतात तेच मीही केलं, काच वर सरकवली. पुढं उसानं ओसंडणाऱ्या दोन ट्रॉल्या ओढत एक ट्रॅक्टर चालला होता. मागं दिवा नाही, रिफ्लेक्टरही नाही. त्याला ओलांडताना ट्रॉलीवरून उडालेलं पाचट डाव्या डोळ्यात शिरलं. डोळ्यांत पाणी आलं, दोन्ही पापण्या आपोआप मिटल्या. समोरून वाहन येत नव्हतं, म्हणून गाडी कडेला घेता आली.

डोळा धुतल्यावर कण निघाला, पण टोचणी राहिली. सकाळी डोळा लालभडक, उजेड सोसवेना. नेत्रतज्ज्ञ बाईंनी पिवळ्या रंगाचा थेंब घालून निळ्या उजेडात पाहिलं. बुबुळावर ओरखडा होता. त्यांचा पहिला प्रश्न मला अजून आठवतो : "नेमकं काय गेलं होतं? लोखंडाचा कण, की पालापाचोळा?" उसाचं पाचट म्हटल्यावर त्यांचा चेहरा गंभीर झाला. साधा ओरखडा दोन-तीन दिवसांत भरून येतो. पण पानाच्या, काडीच्या कणाबरोबर बुरशी बुबुळात शिरू शकते. तिचा व्रण झाला की उपचार आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने चालतात आणि बरं झाल्यावरही डोळ्यात फूल राहतं. अशा वेळी दुकानातून परस्पर आणलेले स्टिरॉइडचे थेंब सर्वांत घातक. त्यांनी लाली उतरते, माणसाला बरं वाटतं आणि आत बुरशी फोफावते. माझा ओरखडा भरला. त्याच दवाखान्यात बाकावर ऊसतोडीला आलेली एक बाई बसली होती. पात लागून तिच्या एका डोळ्यात फूल पडलं होतं, आणि त्या डोळ्यानं तिला आता फक्त उजेड-अंधार कळत होता. तिला पाहिल्यापासून हा विषय मला किरकोळ वाटत नाही.

डोळा वाचवणं आणि ऊन अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम चोवीस तासांचं, दुसरं दिवसातल्या काही तासांचं. दोन्ही एकाच काळ्या काचेवर सोपवली, की अंधार पडताच ती काच वर जाते आणि डोळा उघडा पडतो. नेमकी हीच वेळ चिलटं, किडे, पाचट आणि कारखान्याजवळ उडणारा बगॅसचा भुसा यांची असते.

म्हणून हेल्मेटला पारदर्शक काचच हवी. ती पॉलिकार्बोनेटची असते आणि हे प्लॅस्टिक मुळातच अतिनील किरण जवळजवळ पूर्ण अडवतं. काच जितकी काळी तितकी डोळ्याला सुरक्षित, हा समज साफ चुकीचा आहे. काळेपणानं फक्त प्रकाश कमी होतो. युरोपच्या आधीच्या २२.०५ या हेल्मेट-मानकात काचेतून किमान ८० टक्के प्रकाश पार व्हावा लागे. त्याहून गडद, ५० टक्क्यांपर्यंतची काच चाले, पण तिच्यावर 'फक्त दिवसा वापरासाठी' असं छापावं लागे. आपल्या बाजारात सुटी मिळणारी 'मर्क्युरी' किंवा 'रेनबो' काच किती प्रकाश सोडते, हे बहुतेक वेळा तिच्यावर लिहिलेलंच नसतं. असली काच घेऊ नका.

उन्हासाठी पारदर्शक काचेच्या आत गॉगल घाला, किंवा बोटानं खाली-वर होणारी आतली काळी पट्टी असलेलं हेल्मेट घ्या. मी पट्टीवालं घेतलं. पुण्याच्या वाटेवर खंबाटकीच्या बोगद्यात शिरताना कारण लगेच कळतं. भर उन्हातून आत जाताना डोळ्यांना सावरायला वेळ लागतो आणि ताशी ६० किलोमीटर वेगानं गाडी दोन सेकंदांत तेहतीस मीटर पुढं जाते. तेवढ्यात गॉगल काढता येत नाही, पट्टी मात्र वर जाते. ती बोगद्याच्या अलीकडेच वर करावी.

काळ्या काचेआड काळा गॉगल कधीच नको. दोन्हींचा काळेपणा गुणला जातो. ५० टक्के प्रकाश सोडणाऱ्या काचेआड १५ टक्के सोडणारा गॉगल घातला, तर डोळ्यापर्यंत साडेसात टक्केच पोचतो. गॉगलच्या चार नंबरच्या श्रेणीत ३ ते ८ टक्के प्रकाश जातो, आणि ती श्रेणी वाहन चालवण्यासाठी मुळीच नसते. गॉगल घेताना तीनपेक्षा वरची श्रेणी नको, आणि भिंगं पॉलिकार्बोनेटची बघा. खऱ्या काचेचं भिंग फुटलं तर तुकडे डोळ्यातच जातात. पोलराइज्ड भिंगातून हेल्मेटच्या काचेवर रंगीत पट्टे दिसू शकतात, काही गाड्यांचा डिजिटल मीटर काळा पडतो आणि ओल्या रस्त्याची चमकही लपते. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा हेल्मेटमध्ये फारसा काळा होतच नाही, कारण त्याला लागणारे अतिनील किरण बाहेरच्या काचेनं आधीच अडवलेले असतात. रात्रीसाठी म्हणून विकला जाणारा पिवळा गॉगलसुद्धा प्रकाश कमीच करतो.

काच कोरड्या फडक्यानं पुसू नका. धूळ तिच्यावर ओरखडे काढते आणि रात्री समोरच्या दिव्यांचा झोत त्या ओरखड्यांवर फाकतो. ओलं फडकं थोडा वेळ ठेवून किडे भिजू द्या, मग साबणाच्या पाण्यानं धुवा. पेट्रोल, थिनर लावू नका. ओरखडे दिसू लागले की काच बदला. हेल्मेट घेतानाच त्याची सुटी काच मिळते का, हे दुकानदाराला विचारा. आयएसआय खुणेशिवाय दुचाकीचं हेल्मेट विकायला १ जून २०२१ पासून देशात बंदी आहे, तेव्हा ती खूण आधी पाहा.

आणि डोळ्यात काही गेलंच, तर चोळू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा, त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे जा आणि काय गेलं होतं ते नीट सांगा.