मुलांचा अभ्यास बेण्यासारखा जपा



बेण्यासाठी आपण एकाच प्लॉटच्या भरवशावर राहत नाही. तिथे काणी निघाली की लागणच अडते. कॉलेजात शिकणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या प्रकल्प-अहवालाचेही तसेच आहे. वर्षाची मेहनत एका फाईलीत असते. म्हणून आम्ही पुढील गोष्टी सुचवतो.

१. प्रती तीन ठेवाव्यात : एक संगणकात, दुसरी पेन ड्राइव्हवर, तिसरी गूगल ड्राइव्हसारख्या ऑनलाइन जागी. पहिल्या दोन्ही एकाच दप्तरात असल्या आणि दप्तरच हरवले, तर तिसरी उपयोगी पडते.

२. फाईल उतरवून घेताच पेन ड्राइव्ह उपटू नये. आधी संगणकावर 'इजेक्ट' करावे. अर्धवट उतरलेली फाईल पुढे उघडत नाही.

३. छपाईसाठी झेरॉक्सच्या दुकानात जादा प्रत न्यावी, एकुलता पेन ड्राइव्ह नव्हे. बाहेरच्या संगणकातून व्हायरस येऊ शकतो. तिथे ईमेल उघडला, तर निघताना आठवणीने लॉग आउट करावे.

४. वहीच्या पानाचा फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. एरवी तो बारीक करून पाठवला जातो आणि अक्षर पुसट दिसते.

५. गूगल ड्राइव्हवर पुसलेली फाईल कचरापेटीत ३० दिवसच राहते. चुकून पुसली, तर लगेच परत घ्यावी.

संगणक आपल्याला येत नसला तरी बिघडत नाही. आज जेवताना एवढंच विचारा, "तुझा प्रकल्प कुठं कुठं ठेवलायस?" उत्तरात एकच जागा आली, तर झोपण्याआधी दुसरी करायला लावा.