इंग्रजींतील ‘टु’ आणि ‘इंग’

इंग्रजी शिकणाऱ्या आमच्या तरुण वाचकांस एक ठेंच वारंवार लागते, तिजविषयीं आज थोडेंसें लिहीत आहों.

क्रियापदाचें नाम करावयाचें झालें म्हणजे मराठींत आपण ‘जाणें’, ‘करणें’ असें म्हणतों. इंग्रजींत त्यासाठीं दोन रूपें आहेत : ‘टु गो’ आणि ‘गोइंग’. पहिल्यास इन्फिनिटिव्ह व दुसऱ्यास जेरंड अशीं नांवें आहेत. पुष्कळ विद्यार्थी हीं दोन्ही एकच समजून मनास येईल तें लिहितात. तसें केल्यानें बहुधा वाक्य कानाला खटकतें एवढेंच. परंतु कांहीं ठिकाणीं अर्थच उलटा होतो.

समजा, गांवांतील एका रोग्याविषयीं डॉक्टरांस इंग्रजींत चिठ्ठी लिहावयाची आहे. ‘ही स्टॉप्ड टेकिंग द मेडिसिन’ म्हणजे तो औषध घ्यावयाचा थांबला. त्यानें औषध सोडलें. ‘ही स्टॉप्ड टु टेक द मेडिसिन’ म्हणजे तो औषध घ्यावयास थांबला. हातचें काम थांबवून त्यानें औषध घेतलें. एकाच्या पोटांत औषध गेलें, दुसऱ्याच्या गेलें नाहीं. अशी चिठ्ठी वाचून डॉक्टरांनीं काय समजावें?

येथें वाचकांनीं मराठीकडे लक्ष द्यावें. ‘घ्यावयाचा थांबला’ आणि ‘घ्यावयास थांबला’ हा भेद शाळेची पायरी न चढलेली आजीबाईही चुकत नाहीं. जी गोष्ट परकी म्हणून आपण भितों, ती आपल्या जिभेवर आधींच आहे. म्हणून याद्या घोकण्यापूर्वीं विद्यार्थ्यानें आपलें वाक्य मराठींत नीट म्हणून पाहावें, असें आमचें मत आहे.

‘रिमेंबर’ हें क्रियापद घ्या. ‘आय रिमेंबर लॉकिंग द डोअर’ म्हणजे दाराला कुलूप लावल्याचें मला आठवतें; काम होऊन गेलें. ‘रिमेंबर टु लॉक द डोअर’ म्हणजे कुलूप लावण्याची आठवण ठेव. काम व्हावयाचें आहे. ‘आय फर्गॉट टु पोस्ट द लेटर’ असें म्हणणाऱ्याचें पत्र पेटींत पडलेंच नाहीं. पण ‘आय शॅल नेव्हर फर्गेट सीइंग द सी’ असें म्हणणाऱ्यानें समुद्र पाहिलेला आहे. ‘ट्राय’चा प्रकार याहून मौजेचा. ‘ट्राय टु ओपन द विंडो’ म्हणजे खिडकी घट्ट बसली आहे, ती उघडण्याचा प्रयत्न कर. ‘ट्राय ओपनिंग द विंडो’ म्हणजे खिडकी उघडून पाहा, कदाचित् वारा येईल.

‘टु’ हें मुळांत ‘कडे’ अशा अर्थाचें शब्दयोगी अव्यय होय. त्यामुळें तें बहुधा पुढें व्हावयाच्या गोष्टीकडे बोट दाखवितें. इच्छा, आशा, निश्चय व वचन सांगणारीं ‘वाँट’, ‘होप’, ‘डिसाइड’, ‘प्रॉमिस’ हीं क्रियापदें ‘टु’ घेतात तीं याच कारणानें. उलट ‘एंजॉय’, ‘फिनिश’, ‘गिव्ह अप’ यांचा संबंध चालू असलेल्या अथवा झालेल्या कामाशीं असतो, म्हणून त्यांच्यापुढें ‘इंग’ येतें. मात्र या सूत्रावर फार विसंबूं नये. ‘अव्हॉइड’ व ‘सजेस्ट’ हीं पुढच्या गोष्टीविषयीं बोलूनही ‘इंग’च घेतात, तीं पाठच केलीं पाहिजेत. ‘बिगिन’ व ‘स्टार्ट’ यांना दोन्ही चालतात. ‘लेट’ व ‘मेक’ यांच्यामागून ‘टु’ गळून जातें : ‘दे मेड हिम गो’. पण तेंच वाक्य कर्मणि केलें कीं तें परत येतें : ‘ही वॉज मेड टु गो’.

आतां एक फसवें स्थळ. ‘फॉर’, ‘विदाउट’, ‘आफ्टर’ अशा शब्दयोगी अव्ययांपुढें नेहमीं ‘इंग’ येतें : ‘थँक यू फॉर हेल्पिंग अस’. आणि ‘टु’ हेंही कधीं कधीं निव्वळ शब्दयोगी अव्यय असतें. पत्राच्या शेवटीं ‘आय लुक फॉरवर्ड टु सी यू’ असें पुष्कळ जण लिहितात. तेथें ‘सीइंग’ पाहिजे. पारख सोपी आहे. ‘टु’नंतर एखादें साधें नाम घालून पाहावें. ‘आय लुक फॉरवर्ड टु युअर लेटर’ हें बरोबर जमतें, तेव्हां तेथें ‘इंग’च हवें. हीच पारख ‘यूज्ड टु’स लावा. ‘आय यूज्ड टु वॉक’ म्हणजे मी पूर्वीं चालत असें. येथें नाम बसत नाहीं. ‘आय ॲम यूज्ड टु वॉकिंग’ म्हणजे मला चालण्याची संवय आहे, येथें बसतें. पांच कोस दूरच्या शाळेवरील नोकरीसाठीं अर्ज करणाऱ्यानें यांतील दुसरें वाक्य लिहावें.